बाबांनी घेतलेलं जुनं मशीन चोरीचं निघालं, पोलीस घेऊन गेले. आता पुढे काय?

पातवाल्याची_लेक:

नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यातले, अगदी किनाऱ्यावरचे. बाबांची छोटी पात, म्हणजे मासेमारीची होडी आहे. ते आणि माझा चुलतभाऊ पहाटे जातात आणि दहा-अकराला परत येतात. बांगडा, तारली, नशिबात असेल तर एखादी सुरमई. मोठा धंदा नाही, पण घर त्यावरच चालतं.

२०२४ च्या गणपतीनंतर आमचं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, पार बसलं. मेकॅनिक म्हणाला, ह्यात आता पैसे घालू नका. सप्टेंबरच्या शेवटी ओळखीतून एक माणूस मशीन घेऊन आला. शेजारच्या जिल्ह्यातला, पण बाबा त्याला दोन-तीन वर्षं बंदरावर बघत होते. म्हणाला, भावाने मासेमारी सोडली आहे, मशीन पडून आहे. ४८,००० ला सौदा झाला. २०,००० रोख दिले आणि २८,००० मी माझ्या फोनवरून पाठवले, कारण बाबांना फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. पावती घेतली नाही. आमच्याकडे अशा सौद्यात पावती कोणी मागत नाही.

परवा सकाळी त्या जिल्ह्यातले तीन पोलीस आले. सोबत आमच्या गावचे पोलीस पाटील होते. म्हणाले, हे मशीन नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात तिकडच्या एका खाडीतून चोरीला गेलंय, विकणाऱ्याने कबूल केलंय. मोबाईलवर शूटिंग केलं, पंचनामा केला आणि मशीन गाडीत घालून गेले. बाबांच्या हातात एक नोटीस दिली आहे, येत्या सोमवारी हजर राहायचं आहे. बाबा ६३ वर्षांचे आहेत. त्या दिवसापासून एकच म्हणतात, "मी पैशे मोजून घेतलंय, चोरून नाय हाडलंय. माका कित्याक बोलवतत?" रात्री झोपत नाहीत. त्यांनी आयुष्यात पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. बाबांवर गुन्हा होतो का? पैसे माझ्या खात्यातून गेले, मग मीही अडकते का? आणि आमचे ४८,००० गेलेच का?

किनारा_७७:

ताई, घाबरू नका, असलं खूप चालतं. तुमच्याकडे पावती नाही हीच अडचण आहे ना? कुठल्याही ओळखीच्या दुकानातून सप्टेंबरच्या तारखेची पावती करून घ्या, जुनं मशीन खरेदी म्हणून. कागद दाखवला की पोलीस पुढे जात नाहीत.

मुद्देमाल_कारकून_निवृत्त:

वरच्या सल्ल्याप्रमाणे अजिबात करू नका. आधी हे लिहितो, कारण सोमवार जवळ आहे आणि घाबरलेलं माणूस नेमकं हेच करून बसतं. आज तुमच्या बाबांकडे लपवण्यासारखं काही नाही. खोटी पावती केलीत की लपवण्यासारखं होईल. पावतीचं पुस्तक, शाई, दुकानदाराचा जबाब, सगळं तपासलं जातं. न्यायालयात वापरायला खोटा पुरावा तयार करणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल घेण्याला आहे त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय पावती लिहून देणारा दुकानदारही त्यात येतो.

मी ३१ वर्षं खात्यात होतो, शेवटची ९ वर्षं किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मुद्देमाल कारकून, म्हणजे जप्त मालाची नोंद ठेवणारा. मुद्देमालाची खोली म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं. भांडी, मोटरसायकली, देवळातल्या समया, काजू बीची पोती आणि आउटबोर्ड मशीनं. प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या. मशीन गोड्या पाण्याने धुऊन ठेवलं नाही तर महिन्याभरात आतून मीठ धरतं, हे मी कोर्टाच्या कागदात लिहू शकत नव्हतो. पण डोळ्यांसमोर लोकांचा पोटापाण्याचा जिन्नस सडताना बघितलाय. म्हणून ह्या विषयावर मला बोलावंसं वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तुमचा सौदा त्यानंतरचा, म्हणून कलम ३१७ लागतं. जुन्या दंडविधानातलं ४११ ते हेच. ३१७ च्या दुसऱ्या पोटकलमात ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण नुसता चोरीचा माल हातात सापडला म्हणून ते पूर्ण होत नाही. अप्रामाणिकपणे घेतला पाहिजे किंवा ठेवून घेतला पाहिजे, आणि तो चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे किंवा तसं मानायला पुरेसं कारण असलं पाहिजे. "माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही ते ह्या शेवटच्या शब्दांमुळे. भाव फार कमी, नंबर खरवडलेला, माल रात्री आणला, विकणारा घाईत, ही सगळी त्यातली कारणं धरली जातात.

दुसरं म्हणजे चोरी होऊन थोडक्याच दिवसांत माल ज्याच्याकडे मिळतो, त्याला तो कुठून आला ते सांगता आलं नाही, तर हाच चोर किंवा जाणूनबुजून घेणारा असं कोर्ट गृहीत धरू शकतं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ११९ मध्ये हे उदाहरण दिलेलंच आहे. तुमच्या बाबतीत चोरी ऑगस्टात, खरेदी सप्टेंबरात. म्हणजे अंतर कमी आहे. पण बाबांना सांगता येतं! कोणाकडून, कधी, किती रुपयांना, कोणाच्या समोर. आणि तुमच्या खात्यातून त्याच माणसाच्या खात्यात गेलेले २८,००० हा ह्या सगळ्यातला सगळ्यात भक्कम कागद आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असणारा माणूस सहसा स्वतःच्या नावाने बँकेतून पैसे पाठवत नाही. तुम्ही अडकण्याचं तर सोडाच, तो व्यवहारच बाबांना सोडवेल असं मला वाटतं. ती नोंद पुसू नका, फोन बदलू नका.

आता मी विचारतो, खरं उत्तर द्या. मशीनचा नंबर बघितला होता का?

पातवाल्याची_लेक:

काका, हे मी पहिल्यांदा लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

बाबांनी बघितला होता. फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटवर नंबरची पट्टी असते, ती नव्हती. तिथे बोटभर लांबीचा चौकोन होता, रंग अगदी ताजा, आजूबाजूचा उन्हाने विटलेला. दोन रिव्हेटची भोकं रिकामी. बाबांनी विचारलं, पट्टी खंय? तो म्हणाला, खाऱ्या पाण्याने गळून गेली, जुन्या मशीनची अशीच जाते. आमच्या जुन्या मशीनची पट्टीही अर्धी खाल्लेली होती, म्हणून बाबांना ते पटलं. मला तेव्हा थोडं खटकलं होतं. गळून गेली असती तर आतला रंगही विटला असता ना? पण मी बोलले नाही. आमचं मशीन बंद पडून बारा दिवस झाले होते आणि घरात पैसे येत नव्हते.

भावाचंही सांगते. गावात असं जुनं मशीन ७५,००० च्या आसपास मागतात. आम्हाला ४८,००० ला मिळालं तेव्हा देव पावला असंच वाटलं.

आता हे पोलिसांना सांगायचं की नाही? चुलतभाऊ म्हणतो, पट्टीचं तोंडच काढू नका.

मुद्देमाल_कारकून_निवृत्त:

सांगायचं. पोलिसांनी पंचनाम्यात "नंबर प्लेट नाही, रिव्हेटची भोकं दिसतात" असं लिहिलंच असणार. ते त्यांच्या फोटोत आहे. बाबा म्हणाले की मी बघितलंच नाही, तर तीस वर्षं समुद्रात जाणारा माणूस मशीन घेताना ब्रॅकेट बघत नाही, ह्यावर कोण विश्वास ठेवेल? पण "बघितलं, विचारलं, त्याने असं सांगितलं, माझ्या जुन्या मशीनची पट्टीही तशीच खाल्लेली होती" हे खरं आहे आणि खऱ्यासारखं लागतंही. जुनं मशीन अजून घरात आहे ना? त्याची पट्टी दाखवता येईल. ते विकू नका, भंगारात घालू नका.

पट्टीच्या चौकोनाने बाबा दोषी होत नाहीत. पण तो प्रश्न विचारला जाईल, म्हणून उत्तर बाबांच्या तोंडी त्यांच्याच शब्दांत असू दे. पाठ करून घेऊ नका.

आणखी एक. ३१७ मध्ये "ठेवून घेणं" आहे, हे बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो. घेताना काही माहीत नव्हतं, पण नंतर कळलं आणि तरीही गपचूप वापरत राहिलं, किंवा तोटा नको म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, तर तिथून गुन्हा सुरू होतो. लपवायला किंवा खपवायला मदत करणाऱ्यालाही वेगळी ३ वर्षं आहेत. आणि जो हा धंदाच करतो, सवयीने चोरीचा माल घेतो-विकतो, त्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत. भंगारवाले आणि जुन्या मशीनचे दलाल हे विसरतात.

खाडीपलीकडचो:

मी ह्या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझं मशीन २०१९ साली गेलं. रात्री पात ओढून ठेवली, सकाळी मशीन नाही. क्लॅम्पचे स्क्रू सोडवून नेलं होतं, पेट्रोलचा पाईप कापला होता. पंधरा दिवस मी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलो. स्वतःची पात किनाऱ्यावर उलटी पडलेली, आणि मी तिच्या समोरून दुसऱ्याच्या बोटीत चढायचो. ते दिवस मी विसरलो नाही.

सात महिन्यांनी सापडलं. घेणारा माझ्यासारखाच, दोन मुलींचा बाप. मला त्याचा इतका राग होता की समोर आला तर काय करीन ह्याची मलाच भीती वाटायची. कोर्टात तारखेला भेटला तर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता, मान खाली. मशीन सोडवून घेतलं तेव्हा बघितलं, त्याने पाण्याच्या पंपाचा इम्पेलर नवा घातला होता, कार्ब्युरेटर साफ होता. माझ्यापेक्षा चांगलं ठेवलं होतं त्याने.

मशीन माझं कसं, ते मी बिलाने दाखवलं. पट्टी त्याच्यावरही नव्हती. पण हँडल एकदा तुटलं होतं ते मी वेल्डिंग करून घेतलं होतं, तो जोड मी पोलिसांना आधीच सांगितला होता, फिर्यादीत लिहिलेला होता. म्हणून सगळ्यांना सांगतो, बिल जपा आणि मशीनवर अशी एखादी खूण ठेवा जी फक्त तुम्हाला माहीत. फोटो काढून ठेवा.

ताई, तुमचे बाबा चोर नाहीत हे मी न बघता सांगू शकतो. पण तिकडे एक मालक आहे, त्याचा हंगाम गेलाय. मशीन त्याला परत मिळू द्या. त्यात आडवे येऊ नका एवढीच विनंती.

किनाऱ्यावरची_वकील:

मी दिवाणी-फौजदारी दोन्ही करते, सिंधुदुर्गातच. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करते.

आधी नोटीस वाचा. वर कलम कुठलं छापलंय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम ३५(३) असेल, तर बाबांना संशयित म्हणून बोलावलंय. तशी नोटीस पाळली तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून सोमवार चुकवायचा नाही. कलम १७९ असेल, तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि मग महत्त्वाची गोष्ट अशी की ६० वर्षांवरच्या पुरुषाला तो राहतो त्या ठिकाणाबाहेर जबाबाला यायची सक्ती करता येत नाही. बाबा ६३ चे आहेत. जायचं असेल तर जा, पण दुसऱ्या जिल्ह्यात ओढून नेता येणार नाही. साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, पंचनाम्यावर असते. हा फरक लोकांना माहीत नसतो आणि मग कशावर सही केली हेच सांगता येत नाही. जप्तीच्या यादीची प्रत मागा, ती तुमचा हक्क आहे. परवा झालेलं शूटिंग चांगलंच आहे, झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता कलम १०५ प्रमाणे करायचंच असतं.

३१७(२) अजामीनपात्र आहे, हे लपवून उपयोग नाही. नोटीस ३५(३) ची असेल आणि तुम्हाला धोका वाटत असेल, तर सोमवारच्या आधी सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीनाचा विचार करता येतो. पण तुम्ही लिहिलंय ती हकीगत आणि तो बँकेचा व्यवहार बघता मी आधी नोटीस हातात घेऊन वाचीन.

मशीन तुमचं राहणार नाही. मालविक्री कायदा १९३०, कलम २७. विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती ती तो तुम्हाला देऊ शकत नाही, तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी. म्हणून "मी विकत घेतलंय, मला सुपूर्तनाम्यावर (खटला संपेपर्यंत ताब्यात) द्या" असा अर्ज करू नका, पैसे वाया जातील. बिल असलेल्या मालकाने अर्ज केला की त्याला बंधपत्रावर मिळेल. माल ठाण्यात सडत ठेवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय. आता तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतीही घातल्या आहेत. माल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णन, फोटो, आणि मग ३० दिवसांत आदेश.

तुमचे ४८,००० मात्र विकणाऱ्याकडून मागण्याचा हक्क आहे. मालविक्री कायद्याच्याच कलम १४ प्रमाणे, विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे ही अट प्रत्येक विक्रीत धरलेलीच असते. दिवाणी दाव्याला ३ वर्षांची मुदत. शिवाय त्याने तुम्हाला फसवलंय, म्हणून तुमची स्वतंत्र फसवणुकीची तक्रारही होऊ शकते. आणि एक कलम फार कोणी वापरत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं ४९९. आरोपीला शिक्षा झाली, अटकेच्या वेळी त्याच्याकडे पैसे सापडलेले असले, आणि माल मूळ मालकाला परत दिला गेला, तर न जाणता विकत घेणाऱ्याला त्या पैशातून त्याने दिलेल्या किमतीपर्यंत रक्कम कोर्ट देऊ शकतं. अर्ज मात्र तुम्हीच करायचा. खटला संपेपर्यंत थांबावं लागेल आणि पैसे सापडलेले असायला हवेत, तेव्हा त्यावर घर चालवायचा हिशोब करू नका. पण सोडूही नका.

खाडीपलीकडच्या दादांनी त्या माणसाचं पुढे काय झालं ते लिहिलं नाही.

खाडीपलीकडचो:

माझ्या संमतीने त्याच्यावरचा भाग कोर्टात मिटला. वकिलांनी सांगितलं, ह्या कलमात मालक तडजोड करू शकतो. चोरणाऱ्याविरुद्ध मी साक्ष दिली. इम्पेलरचे पैसे मी त्याला द्यायला गेलो, त्याने घेतले नाहीत. आईने ताटभर बांगडे पाठवले ते घेतले.

किनाऱ्यावरची_वकील:

बरोबर. तेव्हा ४११, आता ३१७(२). चोरीच्या मालाचा मालक कोर्टात तडजोड करू शकतो. पण ती उघड, कोर्टापुढे. ठाण्याच्या आवारात कोणी "मिटवून देतो" म्हणालं तर ती ही तडजोड नव्हे.

कणकवलीचा_मोबाईलवाला:

मशीनचं मला माहीत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी जुना मोबाईल घेत असेल तर आधी *#०६# दाबून पंधरा आकडी नंबर काढा आणि इंग्रजीत "KYM", मोकळी जागा, तो नंबर असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर लगेच कळतं. माझ्या दुकानात मी हे गिऱ्हाईकासमोरच करतो. आउटबोर्डच्या नंबरसाठी अशी सोय झाली तर किती बरं होईल.

पातवाल्याची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवार होऊन गेला, तेव्हा लिहिते.

नोटीस १७९ ची निघाली. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्हाला जाणं भाग नव्हतं. पण बाबा म्हणाले, "जातंय. लपान बसलंय असा कोणी म्हणाक नको." पहाटेच्या एसटीने गेलो. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, जत्रेला जाताना घालतात तो. पिशवीत आमच्या जुन्या मशीनची अर्धी खाल्लेली पट्टी घेतली होती, स्क्रूड्रायव्हरने काढून.

जबाब दोन तास चालला. पट्टीचं बाबांनी स्वतःहून सांगितलं. अधिकाऱ्यांनी आमची जुनी पट्टी हातात घेऊन बघितली, फोटो काढला. भाव कमी का वाटला नाही, हे दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "वाटलो साहेब. पण बारा दिवस चूल उधारीर पेटली होती." ते त्यांनी तसंच लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. माझाही जबाब झाला, पैशांच्या व्यवहाराचा. सही कोणाचीच घेतली नाही.

मालक तिथेच बाहेर बसले होते. बाबांपेक्षा वयाने मोठे. आत मशीन ओळखायला बोलावलं तेव्हा त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं दाखवली. बाबा दारातून बघत होते. ती अक्षरं त्यांनी प्लग बदलताना किती वेळा बघितली असतील. बाहेर आल्यावर दोघं काही वेळ बोलले नाहीत. मग बाबांनी त्यांना सांगितलं की उलट जायच्या गिअरचा दांडा जड लागतो, ग्रीस घालत राहा. त्यांनी मान हलवली.

आता बाबा आणि चुलतभाऊ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जातात. फसवणुकीची तक्रार आमच्या इथे दिली आहे. वकीलताई, शेवटचा प्रश्न. त्या २८,००० चा फोनमधला स्क्रीनशॉट पुरेल का, की बँकेकडून काही घ्यावं लागेल?

किनाऱ्यावरची_वकील:

नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. बँकेतून सप्टेंबर २०२४ चा खातेउतारा शिक्क्यासह घ्या. फोनमधलं काही दाखल करायचं असेल तर त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तो नमुना मी भरून देते. २०,००० रोख देताना कोण कोण होतं त्यांची नावं आत्ताच वहीत लिहून ठेवा. बुधवारी या, जप्तीच्या यादीची प्रत बरोबर आणा.